शत्रूचा बॉम्ब आणि नववी ‘ब’

शाळेनं माझ्याकडे लेखी माफीनामा मागितला, त्याचं कारण होतं पाकिस्तानचा अणुबॉम्ब. हे सांगितलं की लोक आधी हसतात. नागपुरातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी मी, माझा आणि त्या बॉम्बचा संबंध काय? पण संबंध आला, आणि चांगलाच आला.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. मी तिशी ओलांडलेली, नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवत होते. सक्करदऱ्याला दोन खोल्यांच्या घरात वडील आणि मी, अशी दोघंच राहायचो. वडील कापडगिरणीतून निवृत्त झाले होते. छप्पन साली त्यांनी धर्म बदलला तेव्हा मी चार-पाच वर्षांची होते. त्यानंतर घरातून देव गेले, उपास गेले, आणि त्यांच्या जागी वडिलांचा एक प्रश्न येऊन बसला. कुणीही काहीही सांगितलं की ते विचारत, “तू पायलं का?” शेजारणीनं भूत सांगितलं तरी तेच आणि मी शाळेतून काही शिकून आले तरी तेच. लहानपणी मला या प्रश्नाचा वैताग यायचा.

चीननं पहिला बॉम्ब फोडला तेव्हा मी सातवीत होते. आमच्या गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं, “चिन्यांचा बॉम्ब म्हणजे दिवाळीचा सुतळी बॉम्ब.” आम्ही पोट धरून हसलो होतो. घरी येऊन मी तो विनोद वडिलांना सांगितला. ते हसले नाहीत. “बासष्टातबी असंच हसत होते सारे,” एवढंच म्हणाले. पुढे दहा वर्षांनी आपण राजस्थानात स्फोट केला तेव्हा मी कॉलेजात होते. प्राध्यापकांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले, आणि मला फार अभिमान वाटला होता, हेही इथं सांगितलं पाहिजे.

तर माफीनाम्याच्या त्या वर्षी वर्तमानपत्रांत सारखं येत होतं की शेजारच्या देशात युरेनियम शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहतोय. कुणी लिही, बॉम्ब तयार झाला. कुणी लिही, सगळी थाप आहे. पानठेल्यावर, बसमध्ये, आमच्या शिक्षकांच्या खोलीत याच दोन बाजू होत्या. एक बाजू घाबरायची, दुसरी खिदळायची. तिसरी बाजू मला कुठंच दिसत नव्हती.

अशात एका शनिवारी शाळेत नागरी संरक्षणावर भाषण ठेवलं गेलं. वक्ते लष्करातून निवृत्त झालेले मेजर. आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवरही ते होते. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, आवाज असा की माईकची गरज नाही. सगळ्या मुली सभागृहात सतरंजीवर बसल्या होत्या, आम्ही शिक्षिका भिंतीला लागून खुर्च्यांवर.

“मुलींनो, काळजीचं काही कारण नाही,” मेजरसाहेब म्हणाले. “ज्यांना दाढीचं पातं धड बनवता येत नाही, ते अणुबॉम्ब काय बनवणार?”

मुली हसल्या. मग मेजरसाहेबांनी शिस्त म्हणून काय करायचं ते सांगितलं. भोंगा झाला की बाकाखाली जायचं, डोळे मिटायचे, कानांत बोटं घालायची, दातांत रुमाल धरायचा. चौथीतल्या दोन मुलींना पुढं बोलावून त्यांनी ते करूनही दाखवलं. शेवटी म्हणाले, कुणाला काही शंका?

मी हात वर केला.

“सर, त्यांना बॉम्ब बनवता येणारच नसेल तर आम्ही बाकाखाली कशाला जायचं? आणि येणार असेल, तर लाकडाचा बाक काय करणार?”

मग सगळं सभागृह खो खो हसलं. मेजरसाहेबही हसले. “मॅडम फिजिक्सच्या दिसतात,” म्हणाले. मुख्याध्यापिका तेवढ्या हसल्या नाहीत. मला मात्र ते हसणं आवडलं. इतकं, की घरी येईपर्यंत सायकलवर मी ते वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हटलं.

सोमवारी नववी ‘ब’वर माझा पहिलाच तास होता. वर्गात शिरले तेव्हा तिसऱ्या बाकावरची मुलगी ओढणीनं बाक पुसत होती. घाईघाईनं, कुणी बघायच्या आत पुसून टाकावं तशी. मुसलमान घरची मुलगी. वडिलांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. वर्गात फारशी बोलायची नाही, पण गणितं सगळ्यांच्या आधी व्हायची. मी जवळ गेले. अर्धं पुसलेलं चित्र अजून दिसत होतं. खडूनं काढलेला पोट सुटलेला बॉम्ब, त्यावर चंद्रकोर आणि चांदणी, आणि खाली लिहिलेलं: ‘तुझ्या मामाकडून’.

“काय गं हे?”

“काही नाही मॅडम. खडू सांडला होता.”

अक्षर कुणाचं ते मला लगेच कळलं. वर्षभर वह्या तपासल्या की अक्षर चेहऱ्यासारखं ओळखू येतं. वर्गाची मॉनिटर होती ती, पहिल्या बाकावरची, हुशार, चटपटीत. ती फळ्याकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

माझ्या शाळेत, मी दुसरी-तिसरीत असताना, माठाजवळ माझ्यासाठी वेगळा गडू ठेवलेला असायचा. एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्या बाईंनी विचारलं, हा वेगळा कशाला? आणि मीच चटकन म्हणाले होते, “माझ्या घरचा आहे बाई, मला त्याचीच सवय आहे.” का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण खडू सांडला होता म्हणणारी ती पोरगी मला तिथल्या तिथे कळली.

रागावून चौकशी केली असती तर मॉनिटर रडली असती, आणि मग साऱ्या वर्गानं तिसऱ्या बाकावरच्या मुलीलाच दोष दिला असता. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “अणुबॉम्ब कसा बनतो, कुणाला माहीत आहे?”

कुणालाच नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली. खाणीतून निघतं त्या युरेनियमचा बॉम्ब होत नाही. त्यात हजारांत फक्त सात अणू कामाचे असतात. ते सात वेचून काढायचे, म्हणजे त्यांचं प्रमाण वाढवत न्यायचं. अडचण अशी की कामाचे आणि बिनकामाचे दिसायला, वागायला अगदी सारखे. फरक फक्त वजनात, तोही किंचित.

“मग कसे निवडाल?”

कुणी म्हणालं चुंबकानं. कुणी म्हणालं चाळणीनं. मागून एक आवाज आला, “पाखडून, मॅडम.”

“बरोबर. उद्या घरून सुपं आणा.”

दुसऱ्या दिवशी वर्गात सहा सुपं आली. मी ज्वारी घेऊन गेले होते. प्रत्येक गटाला एक हजार दाणे मोजायला लावले. त्यातले सात किडीनं पोखरलेले, म्हणजे हलके, आणि ओळखता यावेत म्हणून त्यांना मी शाईचा ठिपका दिला होता. गट माझे मी पाडले. मॉनिटर आणि तिसऱ्या बाकावरची एकाच सुपाला.

“ठिपका बघून उचलायचा नाही. फक्त पाखडायचं. पुढं येईल ती मूठ वेगळी काढा, मोजा, पुन्हा पाखडा.”

वर्गभर धूळ झाली. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. मॉनिटरला सूप धरता येईना. दाणे पुढून सांडायला लागले. दुसरीनं थोडा वेळ बघितलं आणि न बोलता तिच्या हातातून सूप घेतलं. मनगटाच्या दोन झटक्यांत दाण्यांचा ढीग सरकला आणि हलके दाणे काठाशी आले. मॉनिटर मोजायला बसली. पहिल्या फेरीत त्यांच्या पुढच्या मुठीत चारशे दाणे आले आणि ठिपकेवाले सहा. दुसऱ्या फेरीत दीडशे आणि पाच. मग साठ आणि पाच. तास संपला तेव्हा त्या सुपात तेवीस दाणे होते आणि त्यांतले चार ठिपक्यांचे.

“कंटाळवाणं आहे,” मॉनिटर म्हणाली.

“आहेच. पण अवघड होतं का?”

मी सांगितलं, खरं काम यापेक्षा हजारो पटींनी अवघड आहे, यंत्रं लागतात, वर्षं लागतात. पण त्याला जादू लागत नाही. जो देश जिद्दीनं पाखडत राहील, त्याला ते जमणारच. तिथंही शिकलेली माणसं आहेत.

“म्हणजे पाकिस्तान बॉम्ब बनवणार, मॅडम?”

“बनवणार. आज नाही तर उद्या. ते सरकार आपल्याशी तीनदा लढलंय, त्यामुळं त्याच्या हातातला बॉम्ब ही गंभीर गोष्ट आहे. त्याला हसायचं नाही. पण तो बॉम्ब त्या सरकारचा आहे. आपल्या वर्गात जिच्या बाकावर कुणी बॉम्ब काढला, तिच्या घरच्या दुकानात कापूस भरतात, युरेनियम नाही.”

वर्ग हसला, पण सभागृहात हसला होता तसा नाही. मॉनिटर ज्वारी गोळा करत खाली बघत राहिली. मग तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं, वर्षात पहिल्यांदाच, आपणहून विचारलं, “मॅडम, आपणबी फोडला होता ना? मग तिकडंबी एखादी मॅडम असेल, आपल्याबद्दल असंच शिकवत असेल?”

मला पेढे आठवले.

“असेल,” मी म्हणाले. “चांगली मॅडम असेल तर असंच शिकवत असेल.”

हे शेवटचं वाक्य दोन दिवसांत साऱ्या वस्तीत फिरलं, आणि फिरता फिरता त्याचं भलतंच झालं. गुरुवारी मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर पालकांची तक्रार होती. मी म्हणे वर्गात सांगितलं की पाकिस्तानचा बॉम्ब तयार आहे, तिकडच्या शिक्षिका आपल्यापेक्षा चांगल्या आहेत, आणि मुलींकडून मी बॉम्ब बनवून घेतला.

“ज्वारीचा,” मी म्हणाले.

“हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही मुलींना सांगितलंत ना, की ते बॉम्ब बनवणार म्हणून?”

“हो.”

“मेजरसाहेब शनिवारी नेमकं उलट सांगून गेले होते. सभागृहात त्यांचा पाणउतारा केलात तो केलातच. आता एक कागद लिहून द्या. अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवलं, मुलींमध्ये घबराट पसरवली, दिलगीर आहे. तीन ओळी. सोमवारी कार्यकारिणीसमोर ठेवते, विषय संपला.”

बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच विषय संपवायचा होता. मी म्हणाले, कागद देते, पण त्यात काय लिहायचं ते मी ठरवेन.

घरी आले तेव्हा वडील ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

“काहून वं, तोंड काहून उतरलं आज?”

मी सगळं सांगितलं. सुपं, तक्रार, माफीनामा. मेजरसाहेबांना विचारलेला प्रश्नही सांगितला, जरा रंगवूनच. त्यांना आवडेल असं वाटलं होतं. ते शेंगा सोलत राहिले.

“बाकी समदं बरोबर केलं तू. पण बाकाखाली बसून काही होत नाही, हे तुले कोनं सांगतलं?”

“बाबा, अणुबॉम्ब आहे तो!”

“मालूम आहे मले. तू पायलं का, ते विचारून राहिलो मी.”

मी चिडून आत गेले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शनिवारी शाळा सुटल्यावर सायकल काढली आणि सीताबर्डीच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपालांनी वरच्या फळीवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक काढून दिलं. स्फोटापासून किती अंतरावर काय होतं, त्याचे तक्ते होते त्यात. मी पानं उलटत गेले. जवळ असाल तर काहीच उपयोग नाही, हे माझं बरोबर होतं. पण काही मैलांवर असाल तर भिंती उभ्या राहतात आणि खिडक्यांच्या काचा फुटून सुऱ्यांसारख्या येतात. तिथं जो जमिनीवर पडून राहतो, लाकडाच्या आड असतो, तो वाचतो. पुष्कळ लोक तसे वाचतात. मेजरसाहेब चुकीच्या कारणानं का होईना, बरोबर बोलले होते. आणि मी सातशे मुलींना त्यावर हसवलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. सगळ्या शाळेत ते पुस्तक उघडणारं दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी दुपारी कार्यकारिणी बसली. लांब टेबलाच्या त्या बाजूला पाच जण, या बाजूला मी. मुख्याध्यापिकांनी माझा कागद मोठ्यानं वाचला. त्यात मी लिहिलं होतं: बाकाबद्दल माझं चुकलं. दूर असताना बाकाखाली बसल्यानं जीव वाचू शकतो, हे मी आता पुस्तकातल्या तक्त्यांत पाहिलं आहे. मी न वाचता बोलले, याबद्दल मी मुलींची आणि मेजरसाहेबांची माफी मागते. शेजारचा देश अणुबॉम्ब बनवू शकतो हे मी शिकवलं, ते खरं आहे म्हणून शिकवलं, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. तो बॉम्ब आमच्या वर्गातल्या कुठल्याही मुलीचा नाही, हेही शिकवलं, आणि ते पुन्हा शिकवीन.

कार्यकारिणीला माफी हवी होती ती मिळाली होती, पण भलत्याच गोष्टीची.

मेजरसाहेबांनी घसा साफ केला. “मॅडम, मी लढाईवर होतो. शत्रूला मोठा करून दाखवला की आपल्या माणसांचं धैर्य खचतं. याला काय म्हणतात, माहीत आहे?”

“आणि शत्रूला लहान करून दाखवण्याला काय म्हणतात, सर?”

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. तेवढ्यात त्यांच्या शेजारचे सदस्य कुजबुजले, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: “यांच्यासारख्यांना आपण नोकरीत घेतो, मग हे असं...”

“वाक्य पूर्ण करा,” मी म्हणाले.

ते पंख्याकडे बघायला लागले.

“पूर्ण करा ना. मलाही लिहून घेऊ द्या. माझ्यासारख्यांना म्हणजे कुणाला?”

त्या गृहस्थांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मेजरसाहेबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. मग माझा कागद स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला आणि विचारलं, “हे तक्ते कुठल्या पुस्तकात आहेत?” मी नाव सांगितलं. त्यांनी ते खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. मला वाटलं, आता ते माझ्या बाजूनं बोलतील. ते बोलले नाहीत.

निर्णय आठवड्यानं कळला. नववी-दहावी माझ्याकडून काढून घेतली. पाचवीचं सामान्य विज्ञान आणि कार्यानुभव दिलं, म्हणजे मुलींना टोपल्या आणि पायपुसणी करायला शिकवायचं. कागदावर कारण लिहिलं होतं, ‘कामाचे फेरवाटप’. शिक्षिकांच्या खोलीत दोन जणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एकीनं जिन्यात माझा हात दाबला आणि पटकन वर निघून गेली.

मी पाचवीला शिकवायला लागले. पुढच्या महिन्यात भोंग्याचा सराव झाला तेव्हा मी माझ्या मुलींना खिडक्यांपासून लांब नेलं, बाकाखाली बसवलं, आणि काचा कशा येतात ते समजावून सांगितलं. “मागच्या वेळी मी चुकीचं बोलले होते,” हेही सांगितलं. दहा वर्षांच्या मुलींनी ते सहज ऐकून घेतलं. मोठ्यांना जड जातं ते.

मग एका रविवारी सकाळी फाटक वाजलं. नववी ‘ब’च्या चार मुली सायकली घेऊन उभ्या होत्या. पुढं मॉनिटर, आणि तिच्या मागं तिसऱ्या बाकावरची.

“मॅडम, नवे सर फक्त पुस्तक वाचतात,” मॉनिटर म्हणाली. “आम्हाला प्रकाशाचा धडा समजला नाही.”

वडिलांनी चटई टाकली. पुढच्या रविवारी सात जणी आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी अकरा. मी कुणाकडून काही घेतलं नाही, कुणाला बोलावलंही नाही. मॉनिटरनं त्या मुलीची माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. माझ्यासमोर कधी मागितली नाही. पण त्या दोघी शेजारी बसायच्या आणि एकमेकींची उत्तरं खोडून काढताना चांगल्या भांडायच्या. एकदा इतक्या भांडल्या की वडील आतून ओरडले, “अवं, जरा हळू वं! शेजारचे येतीन आता!”

शाळेला कळायचं ते कळलंच. मुख्याध्यापिकांनी पुन्हा बोलावलं.

“तुमच्याकडून वर्ग काढून घेतला आहे, आणि तुम्ही घरी तोच वर्ग घेता?”

“हो.”

“संस्थेला हे आवडणार नाही.”

“सोमवार ते शनिवार मी संस्थेची आहे, मॅडम. जे द्याल ते शिकवते. पायपुसणीसुद्धा शिकवते, आणि चांगली शिकवते. रविवारी माझ्या अंगणात कोण बसतं, ते मी ठरवणार.”

“परीक्षेत नापास झाल्या तर तुमच्यावर येईल.”

“येऊ द्या.”

त्या नापास झाल्या नाहीत. त्यावेळी मात्र मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी माझं उत्तर तेच असतं. पुढे तीन वर्षांनी नवीन मुख्याध्यापिका आल्या आणि काही न बोलता वेळापत्रकात माझ्या नावापुढं नववी लिहून मोकळ्या झाल्या. शेजारच्या देशाचं काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी पाखडायचं सोडलं नाही, आणि आपणही सोडलं नाही.

मला अजून लोक विचारतात, त्यांच्या बॉम्बची किती भीती बाळगायची? मी म्हणते, भीतीचं मला विचारू नका, मी विज्ञान शिकवते. किती दाणे झाले ते मोजा. रोज मोजा. आणि मोजताना तुमच्या शेजारी जी बसली आहे, तिच्याकडं संशयानं बघाल, तर माझ्या अंगणात तुम्हाला जागा नाही.